माशाच्या अंगावर काय आलंय? आधी नीट बघा, मग औषध

(शोभिवंत मासे पाळणाऱ्या गटांच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



"ताई, गोल्डफिशच्या अंगावर काहीतरी आलंय, काय टाकू पाण्यात?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याचजणी विचारतात. टाक्या गटाच्या कर्जातून आल्यात, मासे मेले म्हणून हप्ता थांबत नाही. त्यामुळे घाई होते, हे मला कळतं. पण "काहीतरी" म्हणजे काय ते ठरल्याशिवाय औषध सांगता येत नाही.

मासा काचेच्या बरणीत घ्या. उजेडात धरा, बाजूने बॅटरी मारा. मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघा.

आता, काही गोष्टी रोग नसतातच. ओरांडा, लायनहेड या जातींच्या डोक्यावर रास्पबेरीसारखी, म्हणजे दाणेदार वाढ येते. ती जातीचीच आहे. गिऱ्हाईक तिचेच तर पैसे देतं! दुसरं, गोल्डफिशच्या नराला विणीच्या दिवसांत कल्ल्याच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या कडेवर बारीक पांढरे ठिपके येतात. मासा खातो, पोहतो, मजेत असतो. ही नर ओळखायची खूण आहे. त्यावर औषध ओतलं तर पैसे पाण्यातच गेले की हो.

पण तसेच ठिपके शेपटीवर, पाठीवर, अंगभर मीठ भुरभुरल्यासारखे दिसले आणि मासा टाकीच्या कडेला अंग घासायला लागला, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. दुकानदार त्याला 'इक' म्हणतात. याच्याकडे जरा लक्ष द्या, कारण अख्खी टाकी यानेच जाते. हा अगदी बारीक जीव माशाच्या कातडीखाली बसतो. तिथे औषध पोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो तळाशी पडतो, त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत दुसरा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते याच पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून ठिपके गेले की "बरा झाला गं" म्हणून औषध थांबवायचं नाही. ठिपके गेले म्हणजे ते तळाशी उतरलेत! आपल्याकडच्या उबदार पाण्यात हे चक्र साधारण आठवडाभरात फिरतं. शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवा, तळातली घाण रोज नळीने ओढून घ्या.

गोल्डफिशला लिटरला 2 ते 3 ग्रॅम जाडं मीठ चालतं. 100 लिटरच्या टाकीला 200 ते 300 ग्रॅम. एकदम नको, दोन दिवसांत थोडं थोडं विरघळवून घाला. पाणी बदललं तर जेवढं पाणी काढलं तेवढ्याचंच मीठ पुन्हा घालायचं. टाकीत कॅटफिश किंवा झाडं असतील तर आजारी मासे वेगळ्या टबात घ्या, त्यांना मीठ सोसत नाही.

कापसासारखं दिसलं तर तिथे आधी जखम होती का बघा. खवला निघाला की बुरशी धरते. पाणी स्वच्छ ठेवणं हा निम्मा इलाज. पण तोंडाभोवती पांढरट दिसून मासे एक-दोन दिवसांत मरायला लागले तर ती बुरशी नसून जिवाणू असू शकतात. तिथे घरचे प्रयोग नकोत.

अंगातून दोऱ्यासारखं लोंबत असेल तर तो नांगरकिडा. चपटं, गोल, सरकणारं काही दिसलं तर माशाची ऊ. नांगरकिडा चिमट्याने कातडीजवळ धरून हळू ओढता येतो, पण पाण्यातली पिल्लं राहतातच, म्हणजे टाकीचाही उपचार हवा.

मेणबत्तीचं मेण सांडल्यासारखे गुळगुळीत डाग गोल्डफिशवर, कोईवर येतात. ते विषाणूमुळे. त्यावर औषध नाही, पण बहुतेक वेळा मासा त्याने मरत नाही. एकाच माशाला घट्ट गाठ येऊन ती हळूहळू वाढत असेल तर ती बहुधा अर्बुदाची, मनुष्याला येते तशीच. असा मासा विकू नका, वेगळा ठेवा.

रोग बहुतेक नव्या माशांबरोबर येतो. नवा माल दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात, त्याची जाळीसुद्धा वेगळी. पैसा अडकतो, खरंय. जाळीला कितीसा खर्च येतो?

एवढं बघूनही ओळखता आलं नाही तर फोटो, पाण्याचा नमुना आणि मासा कधी आणला ती तारीख घेऊन मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांना भेटा. रत्नागिरीकडच्या गटांना शिरगावचं मत्स्य महाविद्यालय जवळ आहे. मासा जिवंत न्या. मेलेल्या माशावरचे किडे लगेच सोडून जातात.