अँप्लिफायर निर्दोष आहे



काल इथे ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झालं, उद्या मधुमेहावर आहे, आणि मधल्या दिवशी गाडीतला अँप्लिफायर! कार्यकारिणीत यावरून बरीच वादावादी झाली असं कानावर आलंय. (हशा) 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा हा विषय त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता, हे मला मान्य. पण ओहमचं पुस्तक 1827 मध्ये निघालं, म्हणजे त्याच्याही आधी, आणि आज मी बोलणार ते सगळं त्या पुस्तकाच्या जिवावर. ओहमचा नियम काही सांगत बसत नाही. शाळेत झालाय तुमचा. (एक आवाज : विसरलो!) विसरला असाल तर शेजाऱ्याला विचारा, मला आठला हॉल सोडायचाय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना उठायचंय त्यांना उठता येईल. गाडीतला आवाज बंद पडला, अँपवर प्रोटेक्टचा लाल दिवा लागला, की माणूस पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हर उचलतो. तो खाली ठेवा. मीटर घ्या. गाणं चालू असताना अँपच्या टर्मिनलवर किती व्होल्ट पोचताहेत ते बघा. अँप बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. चोर असतो तो अर्थ.

अर्थ म्हणजे घरातल्या तीन पिनी सॉकेटचा नव्हे. गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह पत्र्याला जोडलेला असतो, आणि अँपची काळी वायरही जवळच्या पत्र्याला बोल्टने कसतात. सगळा करंट त्या पत्र्यातून परत जातो. अँपला मुख्य वायरी तीनच. बॅटरीवरून येणारी लाल, पत्र्याला जाणारी काळी, आणि तिसरी बारीक, रिमोटची. गाडीतला गाण्याचा सेट चालू झाला की तिच्यावर बारा व्होल्ट येतात आणि अँप जागा होतो. लाल वायरीचं सगळे कौतुक करतात. जाड घेतात, फ्यूज लावतात, नळीतून ओढतात. काळीकडे कुणी ढुंकून बघत नाही. हातभर तुकडा कापायचा, सीटच्या बोल्टखाली घालायचा, झालं काम. 

एक उदाहरण सांगतो. पाच मिनिटांत आटोपतो.

एका कीर्तनकार बुवांची बोलेरो माझ्या दुकानात आली. नाव सांगत नाही, त्यांचे श्रोते इथे बसलेले असणार. बुवांना गाडीत भजन ऐकायचा नाद, आणि मागे बारा इंची वूफर. (हशा) हसू नका. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात ती कशासाठी? त्या खर्जासाठी. तो खर्ज दरवाजातल्या सहा इंची स्पीकरला झेपत नाही. बुवांचं कानाचं गणित पक्कं होतं. तक्रार अशी, की अभंग सुरू झाला, टाळ-वीणा चालू आहेत, तोवर सगळं ठीक. पखवाज रंगात आला की एका थापेसरशी आवाज गप्प आणि लाल दिवा. क्षणभराने परत सुरू, पुढची थाप पडली की पुन्हा गप्प. बुवा म्हणाले, “याला पखवाज सोसत नाही हो.” मंडळी, हे निदान अर्धं बरोबर होतं. खर्जाची थाप म्हणजे एकदम ओढलेला करंट.

आधीच्या दुकानदाराने अँप बदलून दिला होता. नव्यानेही तेच केलं. मग त्याने थापेपुरता करंट साठवायला म्हणून एक फॅरडचा कपॅसिटर विकला. निळे आकडे चमकतात त्याच्यावर, फार सुंदर दिसतो. हिशोब करा. चौदा व्होल्टवरून अकरावर उतरेपर्यंत तो जेमतेम साडेसदतीस ज्यूल देतो. पाचशे वॅट ओढणाऱ्या अँपला तेवढ्यावर सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा निघत नाही. (मागून : आमच्याकडे आहे तो!) असू द्या. रात्री गाडीत उजेड पडतो. (हशा)

त्या दुकानातल्या पोराने अर्थ तपासला नव्हता असं नाही. मीटर ओहमवर ठेवून तपासला होता. 0.2 आलं, ‘ओके’ म्हणाला. आता ही जागा नीट ऐका, बाकी विसरलात तरी चालेल. साध्या मीटरच्या दोन वायरींचाच रोध साधारण तेवढा असतो. आणि आपल्याला पकडायचाय तो त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण ओहमचा नियम असा, की एवढ्याशा रोधातूनही मोठा करंट गेला की व्होल्ट गळतात. म्हणून करंट वाहत असताना व्होल्ट मोजायचे. पखवाजाची थाप मीटरला दिसत नाही, आकडा फिरेपर्यंत ती होऊन जाते. मी मोबाइलवरून 50 हर्ट्झचा सलग सूर लावला. बुवा कानावर हात ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले.

इंजिन चालू. बॅटरीच्या दोन टोकांवर 13.9. अँपच्या टर्मिनलवर 10.6. तीन पूर्णांक तीन व्होल्ट वाटेत कुणीतरी खाल्ले. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं अँपच्या पॉझिटिव्हवर : 0.4, ठीक. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं अँपच्या निगेटिव्हवर : 2.9! चाळीसेक अँपिअर धरा, म्हणजे शंभराहून जास्त वॅट नुसते त्या काळ्या वाटेत जळत होते. सीटच्या बोल्टला हात लावला, चटका बसला. आणि 10.6 हा तर मधल्या आवाजावरचा आकडा. थापेला तो आणखी खाली जाणार, आणि दहाच्या आसपास आलं की बरेच अँप स्वतःला वाचवायला बंद होतात. लाल दिवा लागला म्हणजे अँप बिघडला नव्हे, अँप शहाणा आहे.

बोल्ट काढला. खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, चकचकीत. वायरीचा संबंध पत्र्याशी नव्हताच, बोल्टच्या आट्यांमधून काय जाईल तेवढाच. मी पॉलिश पेपर काढला, तर बुवा आडवे आले. गाडी नवी, दसऱ्याला पूजा झालेली, तिचा रंग खरवडायचा? गंज चढेल, शोरूमवाला वॉरंटी नाकारेल, शिवाय घरात विचारतील. चहा आला, गेला. शेवटी मी म्हटलं, “बुवा, तुम्ही रोज कीर्तनात मायेचा पडदा दूर सारा म्हणून सांगता. मी एका नाण्याएवढी जागा मागतोय.” बुवा दोन क्षण बघत राहिले आणि म्हणाले, “खरवडा.” (हशा, टाळ्या) पुढे हा दृष्टांत त्यांनी कीर्तनात वापरला असं ऐकतो. बिदागीतला वाटा काही आला नाही.

सीटचा बोल्ट सोडला, आणि सीटबेल्टच्या बोल्टला तर कधीच अर्थ घेऊ नये, तो जीव वाचवायला असतो. बाजूच्या जाड पत्र्यावर नवी जागा घेतली, रंग काढून पत्रा लख्ख केला, तांब्याची थिंबल पक्की दाबली, दातेरी वॉशर घातला, वरून ग्रीस. काळी वायर लालइतकीच जाड. 2.9 चे 0.1 झाले. नवी वायर घेताना एक बघा. टोक चाकूने खरवडा, आत पांढरं दिसलं तर ते अॅल्युमिनियमवर चढवलेलं तांबं आहे. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जाडी फक्त डोळ्यांना. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर...

(एक ज्येष्ठ श्रोते उभे राहून : आमच्या चौकातला डीजे बंद कसा पाडायचा तेवढं सांगा! टाळ्या)

अर्थचा बोल्ट सैल करा, असं मी सांगणार नाही. (मोठा हशा) काका, 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे. तो रस्ता पोलीस चौकीतून जातो, माझ्या दुकानातून नाही. आणि मला थोडं वाईटही वाटतं. गाडीत वूफर दिसला की माणूस हुल्लडबाज ठरवायचा? रात्रभर भाजीचा टेम्पो हाकणाऱ्यालाही गाणं लागतं, आणि बुवा तर...

चिठ्ठी आली. “सात मिनिटे.” मला वाटलं निम्मं झालंय. असो, पळतो.

आता बाकीचे दोष. अँपचा कुठलाच दिवा लागत नसेल तर फ्यूज बघा, मग रिमोटच्या वायरीवर बारा व्होल्ट आहेत का बघा. सेट लावताक्षणी लाल होत असेल तर स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा. लाल गेला, तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये. दरवाजाच्या रबरी नळीत वायर चेंगरून पत्र्याला लागलेली असते. अर्ध्या तासाने बंद पडून गार झाल्यावर सुरू होत असेल तर अँप गालिच्याखालून बाहेर काढा, त्याला हवा द्या. अँपचे दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, त्यावर चार ओहमचे दोन वूफर समांतर लावले असतील तर दोन ओहम होतात. बऱ्याच अँपना तिथे चार लागतात, पुस्तिका वाचा.

हे सगळं निस्तरूनही लाल राहिला, तरच खोला. आत बहुधा पॉवर सप्लायचे मॉसफेट, म्हणजे ट्रान्झिस्टर, शॉर्ट सापडतील. ते बदलून थेट बॅटरी लावू नका, मध्ये सिरीजमध्ये हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब घाला. शॉर्ट राहिलाच असेल तर बल्ब लख्ख पेटेल, करंट पाच अँपिअरच्या आत राहील आणि नवे मॉसफेट वाचतील. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज नको, सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नकोच. आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, नाहीतर मधली वायर घासली की गाडी पेटते.

(प्रश्न : अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी वाजते, ती?)

अल्टरनेटरची. इंजिनाबरोबर चढते ना? तीही बहुतेक अर्थचीच! (हशा) हसा, पण सेटचा अर्थ एकीकडे, अँपचा दुसरीकडे, दोघांच्या व्होल्टेजमधल्या फरकामुळे सेटवरून अँपला गाणं नेणाऱ्या आरसीए वायरीच्या जाळीतून करंट वाहतो आणि तो ऐकू येतो. खात्रीसाठी आरसीए काढून बघा, पण सेट आणि अँप बंद करून काढा. चालू असताना ओढली तर काही सेटमधला केसाएवढा फ्यूज उडतो, आणि मग शिट्टी कायमची मुक्कामाला येते. अध्यक्ष उभे राहिले, थांबतो. खाली पार्किंगमध्ये मीटर घेऊन येतोय. ज्यांना दाखवायचंय त्यांनी बॉनेट उघडून ठेवा, आणि तो कपॅसिटरवाला कोण होता, त्यांनी पहिला नंबर लावा.