कांद्याच्या रानातला लव्हाळा

जुन्नर-आंबेगावच्या कांद्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले समर्थ’ दिला. शेजारी राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने ‘भीमा शक्ती’, ‘भीमा किरण’ दिले. पण वाण कितीही उत्तम असो, तणापुढे कांदा दुबळाच. पात उभी, पोकळ. जमिनीवर सावली धरत नाही. मुळंही उथळ. म्हणून लागणीनंतरचे पहिले दीड-दोन महिने रान स्वच्छ हवंच.

त्यातही लव्हाळा फार चिवट! त्याच्या गाठी जमिनीखाली एकमेकींना जोडलेल्या असतात. खुरप्याने जोड तुटला, की झोपलेली गाठही नव्याने फुटते. वरवर खुरपून तो जात नाही. उन्हाळ्यात खोल नांगरा, गाठी उन्हात वाळू द्या आणि वळवाचा पाऊस येण्याआधी वेचून काढा. उकिरड्यावर मात्र टाकू नका. शेणखताबरोबर त्या पुन्हा रानात येतील.