कचेरींतले शब्द

कोर्टांतील शब्दांच्या घोटाळ्यांना हंसतांना ते शब्द कोठून आले, हेंही पाहावें. आमचें बाळापूर वऱ्हाडांतलें. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत गेलें. कचेरींतले फारशी शब्द मात्र राहिले. 'राजीनामा' घ्या. मूळ अर्थ संमतीचा लेख. म्हणून उर्दू बोलणारा पक्षकार तडजोडीलाच राजीनामा म्हणतो. मराठी साक्षीदार विचारांत पडतो, कीं ह्यानें नोकरी केव्हां सोडली! 'खून' म्हणजे फारशींत नुसतें रक्त. मराठींत तो फांसापर्यंत नेणारा गुन्हा. संस्कृत 'शिक्षा' म्हणजे शिकवण. हिंदी पाहुण्यानें "मुलांना उत्तम शिक्षा द्या" म्हटलें, तर आमच्या मुलांना छडीच आठवेल.

परंतु सारेच घोटाळे हंसण्याजोगे नाहींत. 'आरोपी' म्हणजे ज्यावर आरोप आहे तो. आपण त्याला 'गुन्हेगार' म्हणून निकालापूर्वींच शिक्षा देऊन मोकळे होतों. 'गहाणखत' समजून 'खरेदीखता'वर अंगठा उठविणाऱ्याचें तर शेतच जातें. तेव्हां शब्दाला हंसावें, बोलणाऱ्याला नव्हे. आणि घरांतील शिकलेल्यानें कागद मोठ्यानें वाचून, अर्थ सांगून मगच अडाण्याचा अंगठा उठवूं द्यावा.