ऊर्ध्व महाशिरेतील अडथळा आणि स्टेंटचा उपचार
(वार्षिक सभेत केलेल्या निवेदनाचा मजकूर)



हृदयाच्या धमनीत बसवायचा स्टेंट आता आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तसाच स्टेंट छातीतील मोठ्या शिरेतही बसवता येतो, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. डोके, मान व हात यांतील रक्त हृदयाकडे आणणारी ऊर्ध्व महाशिरा जेमतेम ७ सेंटिमीटर लांबीची. भिंत पातळ, आतील दाब कमी. शेजारी गाठ वाढली की ती सहज दबते. मग सकाळी चेहरा सुजलेला दिसतो, सदऱ्याची कॉलर आवळते, वाकताच डोके जड होते, छातीवर निळ्या शिरा उमटतात. विल्यम हंटर यांनी १७५७ साली या विकाराचे वर्णन केले. स्टेंटने ही शीर मोकळी केल्याचे अनुभव अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८६ साली प्रसिद्ध केले.

बहुधा केवळ जागा बधिर करून, जांघेतील शिरेतून बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात, फुग्याने वाट रुंद करतात आणि तेथे जाळीदार स्टेंट ठेवतात. डोक्याचा जडपणा काही तासांतच कमी होतो, सूज दोन-तीन दिवसांत ओसरते. बसून रात्री काढलेल्या रुग्णालाच आडवे होऊन झोपण्याचे मोल विचारावे! तथापि मूळ आजार फुप्फुसाचा कर्करोग वा लिम्फोमा असेल, तर तो स्टेंटने बरा होत नाही. म्हणून श्वासाला धोका नसेल, तर गाठीचा तुकडा आधी तपासावा, असा आमचा आग्रह असतो.

दुसरे कारण अधिक खंत वाटावी असे आहे. डायलिसिससाठी मानेत किंवा गळ्याच्या हाडाखाली घातलेली नळी दीर्घकाळ राहिली, तर शिरेचे अस्तर दुखावते व शीर अरुंद होते. तेथे स्टेंट बसवला तरी ती पुन्हा आकसण्याचा संभव असतो. हातातील धमनी व शीर जोडून केलेला फिस्टुला वेळेत तयार असेल, तर ही नळी बहुधा टळते. परंतु तो वापरण्याजोगा होण्यास दीड ते तीन महिने लागतात. अकोल्यापासून जामखेडपर्यंत पसरलेल्या आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातून जो रुग्ण तातडीच्या डायलिसिसच्या घडीलाच तज्ज्ञापर्यंत पोहोचतो, त्याला नळीवाचून गत्यंतर नसते.

स्टेंटसाठी दिलेल्या देणगीचे फळ तिसऱ्या दिवशी रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसते. वेळेवर केलेल्या फिस्टुल्याचे दिसत नाही. तरीही मधुमेह व रक्तदाबामुळे मूत्रपिंडे निकामी होऊ लागलेल्या रुग्णांच्या फिस्टुल्यासाठी रुग्णनिधीतील काही वाटा राखून ठेवावा, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे. आप्तजनांनीही चेहरा वा फिस्टुल्याचा हात सुजल्यास पुढील डायलिसिसच्या दिवसाची वाट न पाहता रुग्णाला त्वरित दाखवावे.