गव्हाण कशी असते?



वसईतल्या एका चर्चच्या प्राथमिक शाळेत मी तिसरी-चौथीला चित्रकला शिकवते. ‘शिकवते’ म्हणायचं ते वेळापत्रकात तसं लिहिलंय म्हणून. आठवड्याला दोन तास, त्यातला एक गणिताच्या बाई कधी मागून नेतील याचा नेम नाही. पालक भेटले की विचारतात, “बाई, एलिमेंटरीला बसवणार ना?” अहो, ती परीक्षा हायस्कुलातली! तुमच्या लेकाला अजून धड कात्री धरता येत नाही.

डिसेंबरात नाताळ गोठ्याचं चित्र ठरलेलं. पहिली काही वर्षं मी ते फळ्यावर काढून द्यायचे. उतरतं छप्पर, मधे बाळ येशू, इकडे मरिया, तिकडे योसेफ, वर तारा. चाळीस वह्यांत चाळीस सारखे गोठे. मुलांची स्वतःची भर एकच, छपरावर कापूस चिकटवायचा. म्हणजे बर्फ! बेथलेहेमलासुद्धा बर्फ पडतो तो क्वचितच, आणि आमच्या वसईत फार तर पहाटे स्वेटर लागतो. तो बर्फ भेटकार्डावरून आलेला.

खडू खाली ठेवायचं धाडस मला योनाने दिलं. मोठ्या माशाने गिळलेला, तीन दिवस त्याच्या पोटात राहिलेला योना. ती गोष्ट सांगून मी नुसतं म्हटलं, काढा. आता मोठा माणूस इथे अडतो, कारण पोटातलं बाहेरून दिसणार कसं? मुलं अडत नाहीत. या वयात ती घर काढतात तेव्हा भिंतीतून आतली चूल दिसते, खाटेवरची आजी दिसते. तसाच मासाही आरपार. कोळीवाड्यातल्या एकाने माशाला धारदार दात काढले आणि मलाच समजावलं, “बाई, ही मुशी आहे. बोंबलात माणूस मावेल का?” त्याच्या योनाने पोटात कंदील लावला होता. मी फळ्यावर काढला असता, तर तो कंदील मला सुचला नसता.

पुढच्या नाताळात फळा कोरा ठेवला आणि विचारलं, “गव्हाण कशी असते?” बाळाला गव्हाणीत ठेवलं, हे मुलांना तोंडपाठ. गव्हाण मात्र कुणी पाहिलेली नव्हती. एक म्हणाला, पाळणा. एक म्हणाली, गव्हाची असते ती! मग सिस्टरांना विचारून शाळेमागच्या वाडीत गेलो. केळींच्या पलीकडे गोठा होता. तिथल्या आजोबांनी आमच्यासमोर गव्हाणीत वैरण टाकली. शेणाचा वास, माशा, गाईचं ते संथ रवंथ. मुलींनी आधी नाकं धरली, मग गाईच्या गळ्याखालची पोळी खाजवायला रांग लावली.

परत आल्यावर जी चित्रं झाली, त्यांत एकीची मरिया लाल लुगड्यात होती, तिच्या सामवेदी आजीसारखी. तिची आई शाळेत आली. मरियेचा रंग निळा असतो, बाईंनी सांगायला नको? मी त्यांना आंजेलो द फोन्सेकांच्या चित्रांची छापील पानं दाखवली. १९०२ साली गोव्यात जन्मलेला हा चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकला, पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि त्याने मरियेला साडी नेसवली. त्याबद्दल आपल्याच माणसांची बोलणी खाल्ली. आईंनी पानं दोनदा उलटून पाहिली. पटलं असं म्हणाल्या नाहीत, पण जाताना मुलीला म्हणाल्या, “आजीच्या लुगड्याला चौकडा असतो, तो राहिला बघ.” फोन्सेकांना याहून चांगली दाद कोण देणार!

चित्रं व्हरांड्यात लावली. फादर एकेक बघत आले आणि एका कागदापाशी थांबले. सगळा कागद व्यापून एक गाय. लहान मूल जे मनात भरलं ते मोठं काढतं, हे मला ठाऊक, पण ही गाय जरा अतीच होती. फादरांनी वाकून विचारलं, “बाळ येशू कुठंय रे?”

“तो काय तिच्या जिभेखाली. गाय चाटतेय ना त्याला, म्हणून दिसत नाही.”

फादर हसले आणि पुढे गेले. पुढच्या तासाला मात्र अख्ख्या वर्गात तपकिरी खडू एकाच्याही पेटीत उरला नव्हता.