हॉकी लीगच्या पटावरील नावे

भोपाळची ओळख तलावांइतकीच हॉकीनेही करून दिली जाते. संस्थानी काळात येथील ‘भोपाळ वाँडरर्स’ या संघाचा नावलौकिक देशभर होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात अहसान महंमद खान व अहमद शेर खान हे भोपाळचे दोन खेळाडू होते. पुढे अहमद शेर खान यांचे चिरंजीव अस्लम शेर खान यांनी १९७५ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात मलेशियाविरुद्ध बरोबरीचा गोल करून भारताची बुडती नौका सावरली. अशा या शहराला व्यावसायिक लीगमध्ये स्थान लाभले, ते मात्र अवघे चौतीस दिवस!

ती लीग म्हणजे ‘वर्ल्ड सीरीज हॉकी’. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ती सुरू झाली व २ एप्रिलला संपली. आठ संघांत ‘भोपाळ बादशाह्ज’ हा एक होता. महाराष्ट्राचे ‘मुंबई मरीन्स’ आणि ‘पुणे स्ट्रायकर्स’ असे दोन संघ होते. त्यांपैकी पुण्याने अंतिम फेरी गाठली आणि तेथे ‘शेर-ए-पंजाब’कडून हार पत्करली. दुसरे पर्व होणार, होणार असे सांगितले गेले. ते कधीच झाले नाही. या लीगमागे इंडियन हॉकी फेडरेशन होते, तर आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता ‘हॉकी इंडिया’ या दुसऱ्या संस्थेला होती. दोन घरांच्या भांडणात आठही संघ बुडाले. भोपाळचा संघ मैदानावर हरून बाहेर पडला नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

पटावरून नाव दोन रीतींनी कमी होऊ शकते. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत उतरतो आणि खालचा यशस्वी संघ वर चढतो. ही शिक्षा कठोर खरी, पण न्याय्य. कारण परत येण्याची वाट मोकळी असते. आपल्याकडे २००५ मध्ये निघालेल्या ‘प्रीमिअर हॉकी लीग’ने हीच दोन श्रेणींची पद्धत अंगीकारली होती. ती लीगही २००८ नंतर राहिली नाही. दुसरी रीत अमेरिकेची. तेथे संघ म्हणजे मालकाने विकत घेतलेला हक्क. शहराचे नाव त्या हक्काला जोडलेले असते. मालक उठला की नावही उठते.

बर्फावरील हॉकीची ‘नॅशनल हॉकी लीग’ १९१७ मध्ये कॅनडात स्थापन झाली, तेव्हा तिच्यात ‘माँट्रिऑल वाँडरर्स’ नावाचा संघ होता. (भोपाळच्या जुन्या संघाशी हे नामसाधर्म्य निव्वळ योगायोगाचे.) २ जानेवारी १९१८ रोजी त्याचे क्रीडागृह आगीत भस्मसात झाले आणि संघाने लीग सोडली, ती कायमची. १९४२ च्या सुमारास त्या लीगमध्ये सहाच संघ उरले. १९६७ मध्ये ते एकदम बारा झाले. पुढे ही संख्या बत्तीसवर पोहोचली. मधल्या काळात विनिपेगचा संघ १९९६ मध्ये फिनिक्सला गेला. त्याच संघाचे खेळाडू २०२४ मध्ये यूटा राज्यात नेण्यात आले.

हॉकी इंडियाने २०१३ मध्ये पाच संघांची स्वतःची लीग काढली, ती याच दुसऱ्या वळणाची. तिच्यात भोपाळ नव्हते. पहिले अजिंक्यपद ‘रांची ऱ्हायनोज’ने मिळविले, तरी २०१५ मध्ये तो संघ पटावर नव्हता, त्याच्या जागी ‘रांची रेज’ आला, आणि तोही त्या वर्षी अजिंक्य ठरला! म्हणजे विजेतेपदानेही आयुष्याची हमी मिळत नाही. ‘मुंबई मॅजिशियन्स’ गेला, ‘दबंग मुंबई’ आला व त्याने २०१७ मध्ये अंतिम सामना खेळला. त्यानंतर लीगच थांबली. खेळाडूंचे मानधन, प्रवास, मुक्काम हा खर्च दरसाल ठरलेला, आणि हॉकीचे उत्पन्न क्रिकेटच्या तुलनेत तुटपुंजे; मालकाने किती हंगाम तोटा सोसावा?

डिसेंबर २०२४ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते. त्यांत बंगाल, तमिळनाडू, ओडिशा, हैदराबाद ही नावे होती. मुंबई, पुणे, भोपाळ यांपैकी एकही नव्हते. त्या आठांपैकी उत्तर प्रदेशाच्या संघाने तर पुढल्या हंगामापूर्वीच माघार घेतली.

खेळाडू मात्र आहेत. इटारसीचा विवेक सागर प्रसाद भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीत घडला. टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या संघांत तो होता. लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा लिलावात त्याला ‘सूरमा’ संघाने घेतले. तो संघ पंजाब-हरियाणाचा.