दातांची साक्ष



कामगार संघटनेच्या माणसाने दातांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण कारखान्यात आग लागून माणूस गेला, तर वारसाने भरपाई मागण्यापूर्वी मेला तो कोण, हे ठरावे लागते. ओळख नाही तर हक्क नाही. मी या विषयाकडे वळलो तो त्यामुळे.

४ मे १८९७ रोजी पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारात, चलच्चित्रे दाखविणाऱ्या यंत्राच्या दिव्यातील ईथर पेटून आग लागली. सव्वाशे माणसे दगावली. त्यांत बहुतेक वरच्या घराण्यांतील स्त्रिया होत्या. अनेकींचा चेहरा ओळखता येईना. तेव्हा पॅराग्वेच्या कॉन्सलने सुचविले की, त्यांच्या दंतवैद्यांना बोलवा. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची बहीण, आलाँसाँची डचेस, दातांत भरलेल्या सोन्यावरून ओळखली गेली. पुढच्याच वर्षी ऑस्कर आमोएदो या दंतवैद्याने या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

यात चमत्कार काही नाही. दातावरचे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. मांस जाते, दात राहतात. कोणता दात भरला, कोणत्या बाजूने, कशाने, हे दंतवैद्याच्या नोंदीशी आणि क्ष-किरण चित्राशी ताडून पाहावयाचे.

भरलेला पदार्थ काळही सांगतो. ग्लास आयनोमर सिमेंट १९७० नंतरच्या दशकात वापरात आले. ते ज्या सांगाड्याच्या दातात सापडेल, तो माणूस त्यापूर्वी मेलेला असणे शक्य नाही. मात्र तो त्यानंतर किती वर्षे जगला, हे त्यावरून कळत नाही. पारा-चांदीचे मिश्रण तर एकोणिसाव्या शतकापासून चालत आले. त्यावरून नेमका काळ ठरत नाही.

आता मुद्द्याचे बोलतो. डचेसला दंतवैद्य होता आणि त्याला तिचे दात ठाऊक होते. आमच्या माणसाचा दात दुखला की तो उपटून टाकतात आणि त्याची नोंद कोठेच राहत नाही. वास्तविक उपटलेल्या दाताची रिकामी जागाही साक्ष देते. पण ती ताडून पाहावयास कागद हवा! म्हणून माझी मागणी साधी आहे. धोक्याच्या कामावर माणूस घेताना त्याची वैद्यकीय तपासणी होते, तीत त्याच्या दातांचाही एक तक्ता भरावा. जिवंतपणी त्यामुळे दातांची काळजी घेतली जाईल, आणि वाईट वेळ आलीच, तर त्याच्या बायकोमुलांना हक्कासाठी दारोदार फिरावे लागणार नाही.